"केळीवर हरण्या आलाय काय फवारू" : प्रश्न ओळखून माहिती शोधणारी ऑन्टॉलॉजी बांधायची कशी, नवीन लोकांसाठी

रावेर-यावलकडचा केळीवाला शेतकरी मोबाईलवर लिहितो, "केळीवर हरण्या आलाय काय फवारू". तुमच्याकडे पत्रकं, घडीपत्रिका, लेख असं बरंच साठवलेलं आहे, त्यात या रोगावर चांगली चार पानी माहितीपण आहे, पण तिचं शीर्षक आहे "कुकुंबर मोझॅक विषाणूचे एकात्मिक व्यवस्थापन". शब्दाला शब्द जुळवणाऱ्या सर्चला ते पान दिसतच नाही, कारण प्रश्नातला हरण्या पानात नाही आणि पानातला मोझॅक प्रश्नात नाही. बरं हे दोन्ही एकच असं तुम्ही मशीनला सांगितलं तरी काम अर्धंच होतं, कारण हरण्या हा विषाणूचा रोग, त्यावर थेट लागू पडणारं औषध नाही, फवारायचं असतं ते तो पसरवणाऱ्या माव्यासाठी आणि रोगट झाडं उपटून नष्ट करायची असतात. म्हणजे त्या शेतकऱ्याला उपयोगी पडेल ती माहिती अशा एखाद्या पानावर असू शकते जिथे ना हरण्या लिहिलंय ना मोझॅक, फक्त "केळीवरील मावा" एवढंच लिहिलंय.

प्रश्नापासून त्या पानापर्यंत मशीनला वाट दाखवायची तर हरण्या, मावा, केळी यांचं एकमेकांशी नातं काय हे कुठंतरी लिहून ठेवलेलं पाहिजे. त्या लिखाणाला ऑन्टॉलॉजी म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रुबर यांनी 1993 मध्ये तिची व्याख्या केली त्याचा सोप्या भाषेत अर्थ एवढाच, की एखाद्या विषयात कोणकोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांची नाती काय हे आपण डोक्यात धरून चालतो, ते स्पष्ट मांडून ठेवायचं. समानार्थी शब्दांची यादी फक्त हरण्या म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरसचं छोटं नाव) एवढंच सांगते, ऑन्टॉलॉजी त्यापुढे जाऊन सांगते की हा रोग आहे, विषाणूचा आहे, केळीला होतो आणि मावा पसरवतो.

हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या त्या मुलामुलींसाठी आहे ज्यांना कॉलेजचा प्रोजेक्ट करायचाय, किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत काम करतात आणि आपल्या सभासदांसाठी माहिती शोधायची सोय उभी करायचीय. स्प्रेडशीट येत असेल आणि थोडंफार पायथन वाचता येत असेल तर पुरतं. उदाहरणं मी शेतीची घेतलीत कारण आपल्याकडे प्रश्न तेच जास्त येतात, पण पद्धत ग्रंथालयाला, दवाखान्याला, कॉलेजच्या ऑफिसलाही तशीच लागू होते.

पहिली पायरी : प्रश्न गोळा करा, बाकी काही उघडू नका

नवीन माणूस बहुतेक वेळा सॉफ्टवेअर उघडतो आणि पीक, पिकाखाली फळपीक, त्याखाली केळी असं झाड काढत बसतो. दोन आठवड्यांनी झाड मोठं झालेलं असतं आणि एकाही शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नाही. मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं की ऑन्टॉलॉजी प्रश्नांतून वर यायला पाहिजे. जे कुणी विचारत नाही ते त्यात नको, जे रोज विचारतात ते आधी पाहिजे.

तर कृषी सेवा केंद्रावर काय विचारतात, गावच्या ग्रुपवर काय येतं, कृषी सहायकाला फोनवर काय विचारतात, केव्हीकेच्या (कृषी विज्ञान केंद्राच्या) मेळाव्यात चिठ्ठ्यांवर काय लिहितात, तिथून दीड-दोनशे प्रश्न जमवा. अगोदर परवानगी घ्या, आणि नाव, फोन नंबर, गट नंबर असलं सगळं लिहितानाच काढून टाका. पण प्रश्नाची भाषा अजिबात सुधारू नका. "कपाशी लाल पडून राह्यली काय सोडू", "बाग निसवली पन घड बारीक हाये", "पानं पिवया पडी ऱ्हायनात", "रोप कुठं भेटेल", जसं आलं तसं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. अमळनेर-पारोळ्याकडचा अहिराणीत विचारेल, रावेर-यावलकडचा लेवा बोलीत, शहाद्याकडून गुजराती वळणाचं येईल. हीच तुमची खरी सामग्री आहे आणि ती नीट केली की मेली, कारण सर्चमध्ये उद्या माणूस असंच लिहिणार आहे.

यातले एक तृतीयांश प्रश्न आत्ताच वेगळ्या फाईलीत टाका आणि ते शेवटपर्यंत बघू नका. ते परीक्षेसाठी.

दुसरी पायरी : प्रत्येक प्रश्न फोडा

स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करा. काय हवंय (उत्तराचा प्रकार), कशाबद्दल (मुख्य गोष्ट), अटी कोणत्या (पीक, बागेचं वय, हंगाम, गाव) आणि चौथा रकाना जो बहुतेक लोक करत नाहीत तो, विचारणाऱ्याने काय गृहीत धरलंय.

"केळीवर हरण्या आलाय काय फवारू" हे फोडलं तर हवंय उपाय, मुख्य गोष्ट हरण्या, अट केळी, आणि गृहीत धरलंय की फवारून हा रोग जाईल. हे गृहीत इथे चुकीचं आहे आणि म्हणूनच त्याची नोंद पाहिजे, कारण नुसतं "फवारणी" शब्दाच्या मागे लागलं तर सर्च त्याला करप्याच्या बुरशीनाशकाचं पान दाखवेल आणि तो माणूस पैसे घालून भलतंच औषध मारेल.

उत्तराचे प्रकार ठरवताना तयार यादी उचलायचा मोह होतो. ली आणि रॉथ या संशोधकांनी 2002 मध्ये इंग्रजी प्रश्नांसाठी केलेली विभागणी खूप वापरली जाते, त्यात 6 मोठे गट आणि त्यांच्या पोटात 50 बारीक प्रकार आहेत. संक्षेप, वस्तू, वर्णन, माणूस, ठिकाण, संख्या असे ते मोठे गट. जरूर वाचा, पण जशीच्या तशी घेऊ नका, कारण कोण, कुठे, किती अशा विश्वकोशी प्रश्नांना ती छान बसते आणि आपल्याकडचे "काय करू", "काय मारू", "कशामुळे झालं" यातले बरेचसे तिच्या वर्णन नावाच्या एकाच मोठ्या गटात जाऊन पडतात. मी सुरुवातीला हे प्रकार ठेवा म्हणेन: ओळख (हे काय झालंय), कारण, उपाय, मात्रा, वेळ, निवड (कोणतं वाण लावू), मिळण्याचं ठिकाण, भाव, योजना. तुमच्या प्रश्नांत एखादा प्रकार येतच नसेल तर काढून टाका.

प्रकार ओळखायला सुरुवातीला साधे नियम खूप पुढे नेतात. "काय फवारू, काय मारू, काय टाकू, काय सोडू" आलं की उपाय, आणि क्रियापदातून पद्धतपण कळते, म्हणजे फवारू म्हटलं की पंप, सोडू म्हटलं की ड्रिपमधून. "कशामुळे, का बरं" आलं की कारण. "कधी, कोणत्या महिन्यात" म्हणजे वेळ. "भेटेल" आलं की आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक मिळेल असाच. फसवणारा शब्द म्हणजे "किती". एका पंपाला किती म्हणजे मात्रा, क्विंटलला किती म्हणजे भाव, दोन रोपांत किती म्हणजे अंतर. तिथे शेजारचा शब्द बघूनच ठरवावं लागतं.

भावाबद्दल इथेच सांगतो. "आज रावेरला केळी काय भाव" या प्रश्नाचं उत्तर ऑन्टॉलॉजीत भरायचं नाही. रोज बदलणारी गोष्ट तिथे ठेवली की ती दुसऱ्या दिवशी खोटी होते. ऑन्टॉलॉजीने एवढंच ओळखायचं की हा भावाचा प्रश्न आहे, पीक केळी, बाजार रावेर, आणि प्रश्न भावाच्या ताज्या फाईलीकडे पाठवायचा. सोबत एवढं नातं नोंदवून ठेवा की केळीच्या भावासाठी इकडचे लोक बऱ्हाणपूरच्या बाजाराकडेही बघतात, ते जिल्ह्याबाहेर आणि राज्याबाहेर असलं तरी, नाहीतर "जळगाव जिल्हा" असा फिल्टर लावून तुम्ही नेमकी कामाची ओळ गाळाल.

तिसरी पायरी : आधीचं काय तयार आहे ते बघा

सगळं शून्यापासून करायची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा ॲग्रोव्होक नावाचा बहुभाषी शब्दसंग्रह आहे, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालत आलेला, प्रत्येक संकल्पनेला तिथे कायमचा क्रमांक आहे आणि तो मोफत वापरता येतो. आयआयटी मुंबईने केलेलं मराठी वर्डनेट आहे, त्यातून रोजच्या मराठी शब्दांचे समानार्थी गट मिळतात. विकिडेटा 2012 पासून आहे, गावं-तालुके, वनस्पती, किडींची शास्त्रीय नावं तिथून चांगली मिळतात.

यांच्यावर भार किती टाकायचा हे मात्र समजून घ्या. "हरण्या" किंवा "लाल्या" (कपाशीची पानं लाल पडणं) हे शब्द अशा जागतिक संग्रहात मिळतील ही आशा ठेवू नका, ते तुम्हालाच भरायचेत आणि तुमच्या कामाची खरी किंमत तिथेच आहे. तयार संग्रहातून क्रमांक, शास्त्रीय नाव आणि वरची मोठी वर्गवारी घ्या, गावचे शब्द त्याला आपले जोडा.

चौथी पायरी : गोष्टी आणि नाती

आता कागद घ्या. फोडलेल्या प्रश्नांच्या दुसऱ्या रकान्यात जी नावं वारंवार आलीत त्यांचे गट करा. शेतीच्या बाबतीत बहुधा हे निघतील: पीक, वाण, पिकाचा भाग, वाढीची अवस्था, रोग, कीड, विकृती, निविष्ठा (बियाणं, खतं, औषधं), काम, जागा. विकृती वेगळी का काढली ते कपाशीच्या लाल्यावरून कळेल. पानं लाल पडतात म्हणून लोक त्याला रोग म्हणतात, पण तो कुठल्या जंतूमुळे होत नाही, मॅग्नेशियम-नत्रासारख्या अन्नद्रव्यांची कमतरता, हवेतला फरक, पाण्याचा ताण अशी त्याची कारणं आहेत. त्याला रोगाच्या गटात टाकलंत तर सिस्टिम त्याच्यासाठी बुरशीनाशकाची पानं शोधत बसेल.

मग नाती लिहा, एका ओळीत एक:

हरण्या – प्रकार – विषाणूजन्य रोग
हरण्या – कशाला होतो – केळी
हरण्या – कोण पसरवतो – मावा
हरण्या – दिसतो कुठे – पान, पोंगा
मावा – आसरा कुठे – काकडीवर्गीय पिकं, तण
विषाणूजन्य रोग – थेट औषध – नाही

शेवटची ओळ नीट बघा, ती हरण्याबद्दल नाहीच, अख्ख्या गटाबद्दल आहे. उद्या कुणी पर्णगुच्छ म्हणजे बंची टॉपबद्दल विचारलं तर तोही विषाणूजन्य आहे, तोही मावाच पसरवतो, म्हणून ही ओळ त्याला आपोआप लागू होते, वेगळा नियम लिहावा लागत नाही. आणि तिसरी आणि पाचवी ओळ असल्यामुळे "केळीत काकडी लावली तर चालेल का" या साध्या वाटणाऱ्या आंतरपिकाच्या प्रश्नालाही हरण्याचं पान वर येतं, जे यायलाच पाहिजे.

इथे नवीन लोक एक गोष्ट हमखास गोंधळतात, प्रकार आणि भाग. ग्रँड नैन, जिला आपण जी-नाईन म्हणतो, ती केळीचा प्रकार आहे. घड आणि फणी हे केळीचे भाग आहेत. "घड सडला" हा केळीबद्दलचा प्रश्न आहे, पण घड हा केळीचा प्रकार नाही. दोन्हीला एकच नातं दिलं की "केळीचे वाण सांगा" विचारल्यावर यादीत फणी येते.

जागांची नाती तर आपल्याकडे अजून काळजीने करावी लागतात, कारण नकाशा बदललाय. 1906 मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पूर्व खान्देश म्हणजे पुढचा जळगाव आणि पश्चिम खान्देश म्हणजे धुळे. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. म्हणजे 1990 सालच्या अहवालात शहादा, तळोदा हे धुळे जिल्ह्याखाली सापडणार, आणि तुम्ही "नंदुरबार" फिल्टर लावला की ते सगळे अहवाल गायब. म्हणून तालुका–जिल्हा या नात्याला कधीपासून कधीपर्यंत अशी तारीख जोडा. मुक्ताईनगरला एदलाबाद हे जुनं नाव जोडा. विद्यापीठाला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, उमवि, आणि 2018 पासूनचं कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव, सगळी एकाच क्रमांकाखाली. खान्देश आणि खानदेश हे दोन्ही. जुनी कागदपत्रं शोधणाऱ्याला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही.

हे सगळं भरायला स्टॅनफर्ड विद्यापीठाचं प्रोटेजे हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पण पहिले शंभर-दीडशे मुद्दे स्प्रेडशीटमध्येच करा, जाणकाराला, म्हणजे कृषी अधिकारी किंवा चांगल्या केळीवाल्याला, ते वाचून दाखवा, त्याने चुका काढल्या की मगच प्रोटेजेत न्या. नाती लिहायचं आरडीएफ, तर्काचे नियम मांडायचं ओडब्ल्यूएल, शब्दसंग्रहासाठीचं एसकेओएस, ही सगळी डब्ल्यू3सी या संस्थेची मानकं आहेत. सर्चसाठी एसकेओएस आणि वर लिहिली तशी आठ-दहा नाती एवढ्यात सुरुवातीचं काम छान भागतं. ओडब्ल्यूएलचे अवघड नियम शिकायला वर्ष घालवू नका, गरज पडली की शिकाल.

पाचवी पायरी : नावं, आणि मराठीची घडण

एसकेओएसमध्ये प्रत्येक संकल्पनेला तीन तऱ्हेची नावं देता येतात आणि ही सोय आपल्यासाठी सोन्यासारखी आहे. एक मुख्य नाव, जे स्क्रीनवर दिसेल. दुसरी पर्यायी नावं, जशी हरण्या, सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक. तिसरी लपलेली नावं, जी कुणाला दाखवायची नाहीत पण शोधताना चालवायची, म्हणजे चुकीची स्पेलिंग आणि बोलीतले उच्चार: हरन्या, कुकंबर मोझाक, केयी, जयगाव. अहिराणी आणि लेवा बोलीत ळ चा य होतो हे एकदा लक्षात घेतलं की पुष्कळ लपलेली नावं मशीनकडून तयार करून घेता येतात, फक्त तयार झालेली यादी माणसाने वाचून घ्यायची, कारण काळा चं काया झालं की दुसराच शब्द तयार होतो.

एकाच नावाच्या दोन गोष्टी हा याच्या उलटा प्रश्न. करपा म्हटलं तर केळीचा करपा म्हणजे सिगाटोका, कांद्याचा जांभळा करपा वेगळ्या बुरशीचा, भाताचा करपा आणखी तिसरा. मर रोग केळीचा वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. मावा म्हणजे कीड, पेढ्याचा खवा आणि तंबाखूचा मावापण. यांना प्रत्येकी वेगळे क्रमांक द्या आणि कोणता ते प्रश्नातल्या पिकावरून ठरवा. पीक लिहिलेलंच नसेल तर अंदाज बांधू नका, सरळ परत विचारा, "कोणत्या पिकावर?". शेतकऱ्याला एक प्रश्न उलटा विचारलेला चालतो, चुकीचं औषध चालत नाही.

मग विभक्ती. केळीवर, केळीला, केळीच्या इथपर्यंत शेवट कापला की भागतं, पण कापूस चं कापसावर होतं, मावा चं माव्याला, बोंडअळी चं बोंडअळ्यांनी. नुसता शेवट कापला तर "कापसा" आणि "माव्या" उरतं आणि ते कुठेच जुळत नाही. म्हणून प्रत्येक नावासोबत त्याचं सामान्यरूप आणि अनेकवचन यांचा रकाना ठेवा. शे-दोनशे नावांना हे हाताने करायला एक-दोन संध्याकाळी लागतात आणि त्यासाठी मोठं मॉडेल वगैरे लागत नाही.

युनिकोडचीही एक गोम आहे. "शेतकऱ्यांना" मधला अर्धा ऱ दोन पद्धतींनी टाईप होतो, एकात नुक्त्याचा ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे. एनएफसी नावाचं नेहमीचं प्रमाणीकरण हे दोन एक करत नाही. ॲ हे एक अक्षर आणि अ वर चंद्र देऊन केलेलं अक्षर यांचंही तेच. या दोन जोड्यांसाठी स्वतःचा बदल-नियम लिहा आणि तो कागदपत्रांवर पण चालवा आणि प्रश्नांवर पण, एकीकडे चालवून दुसरीकडे विसरलात तर आधी सापडत होतं तेही सापडणं बंद होईल.

सहावी पायरी : प्रश्नाची क्वेरी करणे

आता सगळं जोडायचं. प्रश्न आला की क्रम असा: प्रमाणीकरण करा, शब्दांवरून संकल्पना ओळखा, उत्तराचा प्रकार ओळखा, मग ऑन्टॉलॉजीत जाऊन क्वेरी वाढवा (म्हणजे सर्चला द्यायच्या शब्दांत जोडलेले शब्द घाला), आणि शेवटी साध्या सर्च इंजिनला द्या. इलास्टिकसर्च किंवा तसलं बीएम25 वर (शब्द किती जुळतात त्यावरून पानांना गुण देणाऱ्या पद्धतीवर) चालणारं काहीही चालेल.

वाढवताना हात आखडता ठेवा. समानार्थी नावं जवळपास पूर्ण वजनाने घ्या, समजा मूळ शब्दाला 1 तर त्यांना 0.8. खालचे प्रकार, म्हणजे केळी विचारलं तर जी-नाईन, श्रीमंती, बसराई, यांना 0.5 च्या आसपास. नात्याने जोडलेल्या गोष्टी उत्तराचा प्रकार बघूनच घ्या: उपाय विचारला असेल तर "कोण पसरवतो" या नात्यावरून मावा घ्या, कारण विचारलं तरी घ्या, पण भाव विचारला असेल तर त्या नात्याकडे बघायचंही कारण नाही. प्रश्न फोडण्याची मेहनत आपण केली ती यासाठीच, कोणत्या नात्यावरून पुढे जायचं हे उत्तराचा प्रकार सांगतो. आणि वरच्या मोठ्या वर्गाकडे, केळीवरून फळपीक, फळपिकावरून पीक, असं शक्यतो जाऊच नका, काहीच सापडलं नाही तर शेवटचा उपाय म्हणून जा. हे आकडे सुरुवातीपुरते धरा, खरे आकडे तुमच्या परीक्षेतून ठरतील.

हरण्याच्या प्रश्नाची क्वेरी मग अशी होते: हरण्या किंवा सीएमव्ही किंवा कुकुंबर मोझॅक, सोबत कमी वजनाने मावा आणि रोगट झाडं उपटणे, पीक केळी सक्तीचं, आणि "थेट औषध नाही" ही ओळ निकालाच्या वर सूचना म्हणून. शेतकऱ्याला पहिल्या नजरेत कळतं की बुरशीनाशकाने हे जाणार नाही.

समानार्थी वाढ शक्यतो प्रश्न आल्यावर करा, कागदपत्रं साठवताना करू नका, म्हणजे नवीन नाव सापडलं की सगळा साठा पुन्हा इंडेक्स करायची वेळ येत नाही.

मात्रेच्या बाबतीत मी फार कडक आहे. "एका पंपाला किती" याचं उत्तर ऑन्टॉलॉजीतून गणित करून काढू नका. पंप कुणाचा 15 लिटरचा असतो कुणाचा 20 चा. सिस्टिमने शिफारशीचं मूळ पान तारखेसकट दाखवायचं आणि थांबायचं.

हल्ली भाषा मॉडेल वापरून प्रश्न फोडता येतो आणि बोलीतल्या प्रश्नांना ते खरंच कामाला येतं. वापरा, पण त्याने दिलेली प्रत्येक संकल्पना तुमच्या यादीतल्या क्रमांकाशी जुळलीच पाहिजे असा नियम ठेवा, न जुळलेली टाकून द्या.

सातवी पायरी : परीक्षा

बाजूला ठेवलेली फाईल आता उघडा. प्रत्येक प्रश्नाला कोणती पानं खरंच उपयोगी आहेत हे एखाद्या जाणकाराकडून आधी लिहून घ्या. समजा एका प्रश्नाला साठ्यात 8 पानं उपयोगी आहेत, तुमच्या सर्चने 10 दाखवली आणि त्यात 6 कामाची निघाली, तर दाखवलेल्यातली 60 टक्के बरोबर आणि असलेल्यातली 75 टक्के सापडली. आता वाढ जास्त केली, 20 पानं आली, त्यात आठच्या आठ आली, म्हणजे सापडायचं प्रमाण 100 टक्के झालं पण दाखवलेल्यातली 40 टक्केच कामाची. मोबाईलवर बघणारा माणूस पहिल्या चार-पाच निकालांच्या पुढे जात नाही, म्हणून आपल्याकडे पहिल्या पाचांत किती बरोबर हे मोजणं सगळ्यात कामाचं.

ऑन्टॉलॉजी न लावता साध्या सर्चचे आकडेपण त्याच प्रश्नांवर काढून ठेवा. काही प्रश्नांना साधा सर्चच चांगला निघेल, खास करून ज्यात औषधाचं नेमकं नाव असतं, तिथे वाढ बंद ठेवा. चुकलेले प्रश्न एकेक करून वाचा आणि प्रत्येकासमोर लिहा, नाव नव्हतं, नातं नव्हतं, प्रकार चुकला, की पानच साठ्यात नव्हतं. शेवटचं कारण पुष्कळदा निघतं आणि त्याला ऑन्टॉलॉजी काही करू शकत नाही, ते पान कुणाकडून तरी लिहून घ्यावं लागतं.

पुढे चालू ठेवताना

ज्या प्रश्नांना काहीच सापडलं नाही त्यांची यादी दर आठवड्याला काढा, खरीप सुरू होताना आणि केळीच्या लागवडीच्या वेळी तर रोज. नवीन शब्द तिथेच पहिल्यांदा दिसतात.

कधीकधी नवीन नाव जोडून भागत नाही, जुनी संकल्पनाच फोडावी लागते. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, भारतात 2018 मध्ये पहिल्यांदा सापडली. त्याआधीच्या मराठी पत्रकांत "लष्करी अळी" लिहिलंय ती वेगळी अळी आहे, आणि आज शेतकरी मक्यावर "लष्करी अळी" म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा अमेरिकन म्हणायचं असतं. अशा वेळी जुना क्रमांक पुसू नका, कारण जुनी पानं त्याला बांधलेली आहेत. नवा क्रमांक काढा, "लष्करी अळी" हे नाव दोघांनाही ठेवा, पीक मका असेल तर नवी आधी असा नियम लिहा, आणि 2018 च्या आधीच्या पानांवर निकालात साल ठळक दाखवा. मग परीक्षेचे प्रश्न पुन्हा एकदा सगळे चालवा, एक नाव बदललं की दुसरीकडचं काय हललं ते तिथेच कळतं.